टाळी कुठे वाजवायची

मला टाळी वाजवता येत नाही, हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं. त्याआधी जवळजवळ वीस वर्षं मी हातावर ताल धरत आले होते. तीनताल, झपताल, एकताल, सगळे झोपेतही म्हणता येतील असे. शिकागोच्या साउथ साइडला एका लहानशा बारमध्ये, सोमवारच्या जॅमला (कुणीही येऊन बँडबरोबर गावं, अशी रात्र), शेजारच्या टेबलावरची एक बाई माझ्याकडे बघून हसू लागली. लहान पोर उजव्या पायात डावी चप्पल घालून ऐटीत चालतं तेव्हा आपण हसतो, तसं. तिने माझं मनगट धरलं, पहिली मात्रा जाऊ दिली, दुसरीवर टाळी देववली, तिसरी जाऊ दिली, चौथीवर पुन्हा. मी पहिलीवर आणि तिसरीवर वाजवत होते. अख्ख्या बारमध्ये मी एकटीच.

सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सोडून टाळी द्यायची म्हणजे आमच्या हाताला पापच. पण ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या त्या गाण्यात, ड्रमवाल्याचा स्नेअर (खणखणीत आवाजाचा छोटा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो आणि ऐकणाऱ्यांचं अंग तिथेच हलतं. पुढचा महिनाभर मी रेड लाइनच्या गाडीत बसून मांडीवर सराव केला. दुसरी, चौथी, दुसरी, चौथी. तीन दिवस जमायचं, चौथ्या दिवशी हात आपोआप समेवर. गळ्याच्या गोष्टी पुढे येतीलच, पण माझं खरं शिक्षण हातापासून सुरू झालं.

मी मिरजेची. बाबा रेल्वेत, त्यामुळे लहानपण क्वार्टर्समध्ये गेलं. सातव्या वर्षापासून गुरुजींकडे गाणं. मिरजेत गाणं शिकण्यात काही नवलाई नाही. शाळेच्या वाटेवर सतारमेकर मंडळींची दुकानं, आत कोणीतरी तंबोऱ्याची जवारी लावत बसलेलं, बाहेर भोपळे वाळत घातलेले. मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर. उरसातल्या संगीतसभेला आईच्या मांडीवर झोपून मी किती मोठमोठे कलाकार ऐकलेत, किंवा ऐकलेले नाहीत, देव जाणे. गुरुजींचं शिकवणं खाँसाहेबांच्या किराणा घराण्याच्या वळणाचं. एक स्वर नीट लागेपर्यंत पुढचा मिळायचा नाही.

ब्लूज मला भेटला फेब्रुवारी २०११ मध्ये, दहावीची परीक्षा महिन्यावर आली असताना. मुंबईत मावसबहिणीचं लग्न होतं आणि दादाने मला वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत नेलं. महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलचं ते पहिलंच वर्ष. शिकागोचे गिटारवादक-गायक बडी गाय तेव्हा ७४ वर्षांचे होते. त्यांच्या गिटारच्या कर्कश आवाजाने आधी मी कानावर हातच ठेवले होते. मग एका गाण्यात त्यांनी वाजवता वाजवता आवाज इतका खाली आणला की मागे कुणाच्या तरी किल्ल्या पडलेल्या ऐकू आल्या. इतका हळू सूर एवढ्या गर्दीला गप्प करतो, हे मी फक्त उरसात पहाटे चारला पाहिलं होतं. घरी आल्यावर आईने महिनाभर मोबाइल काढून घेतला, ते वेगळं.

पुढची वर्षं सांगलीत इंजिनिअरिंग आणि रात्री इअरफोन. मी उलटी चालत गेले. बडी गायकडून मडी वॉटर्सकडे, तिथून आणखी मागे. एक गोष्ट लवकर लक्षात आली. ब्लूज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे टोपी घातलेला गिटारवाला येतो, पण रेकॉर्डवर ब्लूज आणला तो बायकांनी. १९२० मध्ये मेमी स्मिथची तबकडी प्रचंड खपली, तेव्हा कुठे कंपन्यांना काळ्या गायिकांचं दार दिसलं. १९२३ मध्ये मा रेनी आणि बेसी स्मिथ, दोघींची पहिली ध्वनिमुद्रणं झाली. गिटारवाले एकटे पुरुष त्यानंतर काही वर्षांनी आले. मला हे माहीत नव्हतं तोवर मी आरशासमोर उगाच पुरुषासारखं खाकरत गात होते.

बेसी स्मिथ ऐकली आणि मी तिथेच मुक्काम ठोकला. सुट्टीत एकदा लहानसा स्पीकर घेऊन गुरुजींकडे गेले. त्यांना ऐकवायचं धाडस होत नव्हतं, कारण 'इंग्रजी गाणं' म्हटलं की ते पान लावायला घेत. १९२५ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये केलेलं ध्वनिमुद्रण होतं, संगीतकार डब्ल्यू. सी. हँडींच्या 'सेंट लुइस ब्लूज'चं. सुरू झालं आणि अर्ध्या मिनिटात गुरुजींचा अडकित्ता थांबला.

"ही पेटी कोण वाजवतंय?"

मी ते गाणं शंभर वेळा तरी ऐकलं असेल, मला पेटी ऐकूच आली नव्हती. शोधलं तर खरंच. बेसीच्या मागे फ्रेड लाँगशॉ पायपेटीसारखं रीड ऑर्गन वाजवतात आणि दुसरा साथीदार कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारखं वाद्य) लुई आर्मस्ट्राँग. गुरुजींनी ते पुन्हा लावायला सांगितलं, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःची पेटी ओढली आणि बाईचा षड्ज शोधला. गंधारावर अडले. कोमलची पट्टी दाबली, शुद्धची दाबली, दोन्ही सोडल्या. "मधला आहे. पेटीत नाही हा. तंबोऱ्यावर घे." मी तासभर तो घेत बसले. वर जायला निघालेला पण पोचायची घाई नसलेला गंधार. उठताना गुरुजी म्हणाले, "तीन मिनिटांत तान एक नाही बाईची." ते कौतुक होतं की तक्रार, हे मी विचारलं नाही.

बेसी स्मिथ १९३७ च्या सप्टेंबरमध्ये मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ मोटारीच्या अपघातात गेली. खाँसाहेब त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले, प्रवासातच, मद्रासकडच्या एका रेल्वे स्टेशनवर. दोघांनाही तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत आपलं सगळं बसवावं लागलं. यातून काही सिद्ध होत नाही. मला आपलं ते दोघं एका कपाटात ठेवायला आवडतात.

२०२१ मध्ये मास्टर्सला शिकागोला आले. हे शहर मुद्दाम निवडलं, हे घरी आजही माहीत नाही. पहिल्याच शनिवारी २१२० साउथ मिशिगन अव्हेन्यू गाठला. चेस रेकॉर्ड्स या ब्लूजच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीची ती जुनी इमारत आपल्या बाजारपेठेतल्या दुमजली दुकानाएवढी निघाली. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, कोको टेलर या सगळ्यांचे आवाज जगभर जिथून गेले ती जागा इतकी अरुंद असेल असं वाटलं नव्हतं. मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीतून आगगाडीने या शहरात आले. इथल्या बारच्या गोंगाटात साधी गिटार कुणाला ऐकू येईना म्हणून विजेवरची घेतली. शिकागो ब्लूजचा जन्म एवढ्या व्यावहारिक अडचणीतून झाला.

आणि मग ते जॅम. पद्धत अशी: दारातल्या वहीत नाव लिहायचं, बारच्या बँडबरोबर दोन गाणी मिळतात, आधी तालीम नाही. स्टेजवर चढलं की गिटारवाला विचारतो, "की कुठली? शफल की स्लो? फ्रॉम द फाइव्ह?" म्हणजे पट्टी कुठली, डुलती लय की संथ, सुरुवात पंचमाच्या कॉर्डपासून का. मी बाणेदारपणे सांगितलं, "जी शार्प." मी आयुष्यभर काळी चारमध्ये गात आले आहे, दुसरं काय सांगणार? गिटारवाल्याने बेसवाल्याकडे पाहिलं. बेसवाल्याने छताकडे. गिटारला ई आणि ए सोयीचे, फार तर जी. माझी काळी चार म्हणजे पाहुण्याने पंगतीत बसून उपासाचं ताट मागावं तसं झालं. "ए देतो," तो म्हणाला, आणि मला पांढरी सहात ढकललं.

दुसरा घोळ मोठा होता. घरी कागदावर मी हिशेब केला होता. ब्लूजचं एक आवर्तन बारा बारचं (हा बार म्हणजे चार मात्रांचा खण, पिण्याचा वेगळा), म्हणजे ४८ मात्रा. आपला विलंबित एकतालही बारा मात्रांचा, प्रत्येकीचे चार भाग, म्हणजे ४८. मला इतका आनंद झाला की रात्री झोप नाही. आपण तर हे लहानपणापासून गातोय! आणि त्याच भरात मी स्टेजवर एकताल गायले. प्रत्येक ओळ संपली की समेपर्यंतची जागा भरायची, हे अंगात मुरलेलं. हरकत, मुरकी, एक छोटी सपाट तान, असं करत दोन कडवी मी गच्च भरली. लोकांनी टाळ्याही वाजवल्या, परक्या मुलीला वाजवतात तशा. गिटारवाला मात्र गिटारवर दोन्ही हात ठेवून शांत उभा होता.

खाली उतरल्यावर पियानोवर बसणारे आजोबा जवळ आले. त्यांचं बोलणं मराठीत आणायचं तर, "पोरी, सगळं ताट तूच संपवलंस. आम्ही काय खायचं?"

कागदावर न दिसलेली गोष्ट ती. बारा खणांचे चार-चारचे तीन भाग. पहिल्यात एक ओळ, दुसऱ्यात तीच ओळ परत, तिसऱ्यात तिचा जबाब देणारी ओळ. पण प्रत्येक भागात ओळ दोन-अडीच खणांतच संपते. उरलेला दीड-दोन खण गायकाचा नाही. तो गिटारचा, पियानोचा, बाजाचा. तू विचारायचं, ते सांगतील. आपल्याकडे पेटीवाला आवाजाच्या मागोमाग सावलीसारखा चालतो, इथे साथीदार आपण गप्प होण्याची वाट बघत असतो. घरी येऊन १९२५ चं ते ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं. पेटी नुसते सूर धरून बसलेली, आणि बेसी थांबली की आर्मस्ट्राँग बोलतो. प्रत्येक वेळी. ती ओळ टाकते आणि बाजूला होते. गुरुजींना पेटी ऐकू आली, मला ती मोकळी जागा ऐकू यायला मिरज सोडावी लागली.

आजोबांनी उपाय सांगितला तो अगदी घरगुती. पाण्याचा ग्लास हातात ठेव. ओळ संपली की एक घोट घे. तोंडात पाणी असताना कोणी तान घेत नाही. मी तीन-चार महिने असं शिकले. दर गुरुवारी दुपारी बार रिकामा असताना ते वाजवायचे, मी ओळ गायची, घोट घ्यायचा, त्यांचं उत्तर ऐकायचं, मग पुढची ओळ. पहिल्या दिवशी दोनदा ठसका लागला. त्यांनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. मी पोहे करून न्यायचे, त्यांना शेंगदाण्यांपुरते आवडायचे.

त्या दुपारींत आणखी एक गोष्ट कळली, ती तेवढ्यासाठीच लिहितेय की आपल्याकडून जाणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडावी. आपल्या पायाखाली तंबोरा असतो, षड्ज हलत नाही. इथे पाचव्या खणात जमीनच मध्यमावर सरकते. सुरुवातीच्या चार खणांत पियानोच्या कॉर्डमध्ये (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यात) शुद्ध गंधार वाजत असतो आणि तुम्ही वरून कोमलाजवळचा गाता, म्हणून तो घासतो, टोचतो. पाचव्या खणात कॉर्ड बदलली की तोच कोमल गंधार त्या कॉर्डच्या घरातला होतो. सूर तुम्ही बदललेला नाही, पण टोचणं गेलं. दुसऱ्यांदा तीच ओळ का म्हणायची, याचं उत्तर मला इथे मिळालं. शब्द तेच, खालची जमीन वेगळी.

गळ्याची कथा मात्र मूर्खपणाची आहे. कोको टेलर १९५२ मध्ये टेनेसीतून शिकागोला आली. दिवसा लोकांच्या घरी कामं करायची, रात्री क्लबात गायची. तिच्या आवाजातली ती खरखर मला हवी होती, आणि लगेच. मी घसा आवळून ती काढू लागले. दोन महिन्यांत सकाळी "हॅलो" निघेना. डॉक्टरने नळीतून कॅमेरा घालून दाखवलं: स्वरतंतूंच्या कडा सुजलेल्या, गाठी धरायच्या बेतात. दहा दिवस पूर्ण मौन आणि सहा आठवडे गाणं बंद. रूममेट तेलुगू, आमचं सगळं बोलणं फ्रिजवरच्या पांढऱ्या फळीवर. आईला फोनवर काय सांगायचं हा प्रश्न होता, म्हणून दहा दिवस 'नेटवर्क खराब' होतं.

नंतर थेरपिस्ट बाईंकडे खरखर नव्याने शिकले. ती स्वरतंतू घासून काढायचीच नाही. तंतू मोकळे, श्वासाचा आधार खालून, आणि घरघर त्यांच्या वरच्या भागात. तीही अख्ख्या ओळीवर नाही, शब्द सुरू होताना चिमूटभर. त्या समजावत होत्या आणि मला आमच्या गल्लीतली जवारी आठवत होती. घोडीवर तारेखाली दोरा सरकवतात. जरा जास्त सरकला तर तार मुकी होते, कमी सरकला तर आवाज कोरडा. मधे कुठेतरी केसाएवढ्या जागेत ती गुणगुणायला लागते. कारागीर डोळे मिटून ती जागा शोधतो. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते फाइलमध्ये लिहून घेतलं, 'थ्रेड' या शब्दासकट.

मराठी मंडळातल्या एका कार्यक्रमात कोणीतरी म्हणालं, "म्हणजे आपल्या जात्यावरच्या ओव्याच की!" मला ही घाई पटत नाही. आजीच्या ओव्या मी ऐकल्या आहेत. ती त्या स्वतःसाठी आणि समोर खुंट्याला हात लावलेल्या जावेसाठी गायची, ऐकणारा कोणी नसायचा. ब्लूज शनिवारच्या रात्री, पैसे देऊन नाचायला आलेल्यांसाठी गायलेला. आणि त्याच्यामागे गुलामगिरी आहे, तिला 'आपल्यासारखंच' म्हणणं मला जड जातं. जवळचं नातं शोधायचंच तर मी मा रेनीच्या शेजारी बैठकीची लावणी ठेवेन. बाई आपल्या तोंडाने, डोळा मारत, दोन अर्थांनी आपल्या देहाबद्दल बोलते आणि समोरच्या पुरुषांना कुठला अर्थ घ्यावा कळत नाही.

कापसाच्या शेतावरची गाणी मी सोडून दिली. मिसिसिपीच्या कापसाचा आपल्याशी संबंध आहे, पण तो फार वेगळा: १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू होऊन तिथला कापूस अडला तेव्हा मुंबईचे व्यापारी मालामाल झाले, १८६५ मध्ये युद्ध संपलं तसा सट्ट्याचा फुगा फुटला. त्या हिशेबात आपण कापूस वेचणाऱ्यांच्या बाजूला नव्हतो. पियानोवाल्या आजोबांना मी एकदा घाबरत विचारलं, मी हे गावं का? ते म्हणाले, तुझ्या ओळखीचं गा. घरमालक, साहेब, सोडून गेलेला माणूस, चुकलेली गाडी.

गाडी माझ्या ओळखीची होती. हँडींनी लिहून ठेवलंय की १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर ते गाडीची वाट बघत होते आणि शेजारी एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून गात होता. गाणं कशाबद्दल? दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या जागेबद्दल. जंक्शनबद्दल! मिरज जंक्शनच्या क्वार्टर्समध्ये वाढलेल्या मुलीला याहून सरळ निमंत्रण कोण देणार?

मराठीत लिहायला बसले आणि पहिली अडचण क्रियापदाची. आपली ओळ 'आहे', 'होते', 'गेला होता' यांवर संपते, आणि ब्लूजच्या ओळीचं शेवटचं अक्षर तर हवेत लोंबकळायला हवं, कारण त्यानंतर शांतता आहे. 'होते'वर काय लोंबकळणार? मग क्रियापदं ओळीच्या पोटात ढकलली आणि शेवटी नाम ठेवलं. वीसेक कागद फाडल्यावर हे एक कडवं उरलं (महालक्ष्मी ही आमच्याकडची एक्स्प्रेस गाडी):

महालक्ष्मी आली पहाटे, उतरलं नाही कोणी
अगं महालक्ष्मी आली पहाटे, उतरलं नाही कोणी
दोन चहा सांगून बसले, त्यात पावसाचं पाणी

जॅमला हे गायले तेव्हा शब्द कुणालाच कळले नाहीत. पण 'कोणी' नंतर मी घोट घेतला आणि गिटारवाल्याने असं काही वाजवलं की त्याला सगळं कळलं असावं. टाळी शिकवणारी बाई त्या दिवशी होती. माझ्या हातांकडे बघत होती, गळ्याकडे नाही.

गेल्या दिवाळीत मिरजेला गेले होते. गुरुजी आता फार हिंडत नाहीत, पण पेटी हाताशी असते. म्हणाले, काय शिकलीस ते ऐकव. मी त्यांना फक्त सूर धरून ठेवायला सांगितले, आधी षड्ज-पंचम, खूण केली की मध्यम. पहिली ओळ गायले आणि थांबले. त्यांना वाटलं शब्द विसरले. "पुढे?" मी हाताने नाही नाही केलं. दुसऱ्यांदा ओळ म्हटली, थांबले. या वेळी ते काही बोलले नाहीत. दोन सुरांची बारीकशी जागा घेतली, जेमतेम, कुणी बघत नाही ना अशी. तिसऱ्या ओळीनंतर ते जे सुरू झाले ते थांबेचनात. आवर्तन संपलं, दुसरं सुरू झालं, माझी ओळ आली आणि गेली, गुरुजींचं आपलं चालूच, मान खाली घालून, मधल्या गंधारासाठी दोन पट्ट्या एकदम दाबून बघत.

मी फुलपात्र उचललं आणि पाणी पीत बसले.